कॅप्टिव्ह एअरशिप म्हणजे पतंग: सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या फोटोबद्दल

गेल्या बुधवारी आप्पांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, ‘विचार करण्यासारखं आहे.’ आप्पा म्हणजे माझे वडील. अडतीस वर्षं त्यांनी सांगलीत फोटो स्टुडिओ चालवला. हाच मेसेज त्याआधी आणखी दोन ग्रुपवर आला होता, तेव्हा मी तो पुरता न वाचताच पुसून टाकला होता. आप्पांच्या नावानं आला तेव्हा मात्र गप्प बसवेना.

मेसेजमध्ये १९०६ सालचा एक फोटो आहे. भूकंप आणि आगीनंतरचं सॅन फ्रान्सिस्को, उंचावरून घेतलेलं. पुढे बंदराचे धक्के, मागे नजर पोचेल तिथवर जळालेलं शहर. खालचा मजकूर थोडक्यात असा: तेव्हा विमानं नव्हती, मग हा फोटो काढला कुणी? फोटोवरच ‘एअरशिप’ छापलंय, म्हणजे आपल्यापासून दडवलेली एक प्रगत संस्कृती तेव्हा हवाई जहाजं उडवत होती. त्या काळच्या कॅमेऱ्याला इतकं बारीक टिपणं शक्य नव्हतं. रस्त्यावर माणूस दिसत नाही, कारण शहर आधीच रिकामं होतं. दगडी इमारती भूकंपानं जळत नाहीत, त्या अस्त्रानं जाळल्या. आणि शेवटी: भूकंपात फारसं कुणी मेलंच नाही, सगळा बनाव विम्याच्या पैशासाठी.

आधी एअरशिप. हा फोटो अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, कॉपीराइटची नोंद २८ मे १९०६ची. ‘लॉरेन्स कॅप्टिव्ह एअरशिप’मधून, सॅन फ्रान्सिस्को उपसागरावर २००० फुटांवरून, असं त्यावर छापलंय हे खरंच आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं त्यातला ‘कॅप्टिव्ह’ हा शब्द तेवढा गाळला. कॅप्टिव्ह म्हणजे बांधून ठेवलेलं. ते जहाज नव्हतंच. एका तारेवर एकामागोमाग एक चढवलेल्या मोठाल्या पतंगांची माळ होती, तिच्याखाली कॅमेरा टांगलेला होता, आणि त्या सगळ्या सरंजामाला लॉरेन्सनं स्वतःच हे भारदस्त नाव दिलं होतं.

जॉर्ज लॉरेन्स हा शिकागोचा धंदेवाईक फोटोग्राफर. आजवर अशक्य मानलेलं फोटोत आणणं हीच आमची खासियत, अशी त्याची जाहिरात असायची. आधी तो शिड्या, मनोरे, फुगे वापरायचा. १९०१मध्ये फुग्याची टोपली सुटली आणि तो दोनशेहून जास्त फुटांवरून खाली आला. टेलिफोनच्या तारांवर आदळत आला म्हणून वाचला. पुढे तो स्वतः जमिनीवर राहिला आणि कॅमेरा वर पाठवू लागला. हा कॅमेरा ४९ पौंडांचा, म्हणजे २२ किलोचा. तो वाऱ्यानं गरगर फिरू नये म्हणून चौकटीतून तीन लांब दांडे बाहेर काढलेले, दांड्यांच्या टोकांपासून रेशमी दोऱ्या खाली एकत्र आणून त्यांना वजन बांधलेलं. शटर उघडायचं ते खालून, तारेतून वीज सोडून. यात दडवलेलं काय आहे? संक्रांतीला गच्चीवर उभं राहून ढील दिलेल्या कुठल्याही पोराला वाऱ्याची ओढ ठाऊक असते. वीतभर कागदाचा पतंग बोट कापतो, तर मोठाल्या पतंगांची अख्खी माळ २२ किलो उचलेल की नाही, याचा अंदाज त्यालाही येईल.

आणि ही कल्पनाही नवी नव्हती. फ्रान्समध्ये आर्थर बाट्यूनं पतंगावरून फोटो काढले ते १८८८च्या सुमारास. फुग्यातून तर त्याहून आधी: नादार या फ्रेंच फोटोग्राफरनं पॅरिसजवळ १८५८मध्ये, जेम्स ब्लॅक या अमेरिकन फोटोग्राफरनं बॉस्टनवर १८६०मध्ये. विमानाची वाट कुणी बघत बसलं नव्हतं.

कॅमेऱ्याच्या ताकदीबद्दलचा मुद्दा आप्पांनी खरा मानला, याचं मला सगळ्यात वाईट वाटलं. आमच्या डार्करूममध्ये जुन्या काचेच्या निगेटिव्ह होत्या. मी नववीत असताना आप्पांनी लाल दिव्याखाली त्यातली एक कागदावर उलटी ठेवली, वरून काच दाबली, क्षणभर पांढरा दिवा लावला. कागद डेव्हलपरमध्ये बुडवल्यावर आधी काळा कोट आला, मग मिशा, मग कोटाच्या खिशातली घड्याळाची साखळी, कडी न् कडी सुटी दिसणारी. ‘एनलार्ज केलंच नाही तर बारकावा जाईल कुठे?’ हे आप्पांचं वाक्य. लॉरेन्सनं नेमकं हेच केलं होतं. त्याची निगेटिव्हच चार फूट लांब होती. बाक दिलेली एकच सलग फिल्म, आणि तिच्यावरून थेट कागदावर छाप. एका प्रिंटला तो १२५ डॉलर घ्यायचा. आजचा फोन जे एवढ्याशा सेन्सरवर करतो, ते त्यानं चार फुटांवर केलं. एवढ्या मोठ्या निगेटिव्हवर बारीक रेघा दिसल्या नसत्या, तर ते नवल होतं.

माणसं दिसत नाहीत? २००० फुटांवरून, शहराच्या निम्म्या क्षितिजाएवढा पसारा एका चौकटीत घेतल्यावर माणूस खसखशीच्या दाण्याएवढाही उरत नाही, आणि ते मूळ प्रिंटवर. आप्पांनी तो वीतभर फोनवर बघितला. लोक होते कुठे, तर बागांतल्या, मैदानांतल्या तंबूंत. पुढे त्यांच्यासाठी लाकडाची ५६१० छोटी घरं बांधली गेली.

दगडी शहराचं म्हणाल तर ते सगळं दगडी नव्हतंच. घरं बहुतेक लाकडाची, हे शहर जळालं कसं नाही हेच आश्चर्य आहे, असं विमा कंपन्यांच्या तपासनीसांनी १९०५मध्येच लिहून ठेवलं होतं. १८ एप्रिल १९०६ला पहाटे ५ वाजून १२ मिनिटांनी जमीन हलली, पाण्याच्या मुख्य वाहिन्या फुटल्या, अग्निशमन दलाचा प्रमुख प्राणघातक जखमी झाला. हेज स्ट्रीटवर कुणीतरी न्याहारीसाठी चूल पेटवली, धुरांडं तडकलेलं होतं, तिथून सुरू झालेल्या आगीला आजही ‘हॅम अँड एग्ज फायर’ म्हणतात. अस्त्र शोधायचंच असेल तर सान अँड्रियास भ्रंशावर, म्हणजे तिथल्या जमिनीतल्या लांबलचक भेगेवर जा. शहराच्या उत्तरेला ऑलेमा गावाजवळ जमीन सुमारे २० फूट सरकली, हे १९०८च्या सरकारी आयोगाच्या अहवालात आहे.

आता विमा आणि मृत्यू. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, आणि ती मी नाखुशीनंच करते. विम्याचं राजकारण झालं होतं. पॉलिसीत आग होती, भूकंप नव्हता. म्हणून काही लोकांनी पडलेल्या घरांना स्वतः काडी लावली. लष्करातल्या एका अधिकाऱ्यानं तसं नोंदवलंय. इमारती पाडून आग अडवायला सुरुंग लावले, त्यांनी काही ठिकाणी आग वाढवली. शहरातल्या व्यापाऱ्यांना आणि रेल्वे कंपनीला ‘भूकंप’ हा शब्दच नको होता, गुंतवणूक पळाली असती. त्यामुळे मृतांचा सरकारी आकडा पाचशेच्या आत राहिला.

पण याचा अर्थ मेसेजच्या बरोबर उलटा आहे. लपवलं गेलं ते माणसं मेल्याचं. १९६०च्या दशकात तिथल्या सार्वजनिक वाचनालयातल्या ग्लॅडिस हॅन्सन यांच्याकडे लोक आपल्या पूर्वजांची चौकशी करायचे, भूकंपातल्या मृतांची यादी मागायचे. यादीच नव्हती. बाईंनी ती करायला घेतली, पत्रं आणि जुन्या नोंदी चाळत, एकेक नाव जोडत. आकडा ३०००च्या पुढे गेला. चायनाटाउनमधल्या कितीतरी मृतांची तर आधी गणतीच झाली नव्हती. एका बाईनं आयुष्याची अनेक वर्षं घालून जी नावं परत मिळवली, ती हा मेसेज एका ओळीत पुन्हा पुसतो. याचा मला राग आहे. २०१९च्या पुरात आमची गल्ली पाण्याखाली होती. ड्रोनवरून काढलेल्या फोटोत पत्र्याचा रंग ओळखून आम्ही काकांचं घर शोधलं होतं. तो फोटो बनावट आहे, तिथे कुणी राहतच नव्हतं, असं उद्या कुणी पसरवलं तर?

आप्पांना मी मूळ फोटोची मोठी फाइल पाठवली आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर ती फुकट मिळते, कुणीही उतरवून घ्यावी. धक्क्यावरचा फेरी बिल्डिंगचा मनोरा शोधा. उपसागराचं पाणी मारून तो वाचवला होता. तिथून मार्केट स्ट्रीट धरून वर चला. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती दिसतील, आणि भिंतींच्या आत काही नाही. पूर्ण मोठं करून बघा, फोनवर नको.