‘हत्यारांच्या पेटीत कुठलाही स्पंज चालतो’ हा सल्ला महागात पडतो

मेकॅनिक, फिटर आणि टूलरूमवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हत्यारांच्या पेटीत बसवायला विकतात तो तयार फोम म्हणजे निव्वळ लूट. गादीवाल्याकडून उरलेला स्पंज आणा, नाहीतर टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल घ्या. सुरी गॅसवर तापवा आणि हव्या त्या आकाराच्या खाचा कापा. फोम जितका मऊ तितका चांगला, आणि एकदा तो बसवला की हत्याराला गंजाची भीती नाही.

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच मेसेज इतका पुढे जातो. अमेरिकेतल्या फास्टकॅप कंपनीच्या ‘कायझेन’ फोमसारखी थरांची शीट बाहेरून मागवायची तर छोट्या वर्कशॉपला ती परवडत नाही. पेटीपेक्षा आतला फोम महाग, असंही होतं. पण त्यापुढचा एकेक सल्ला हत्यारांचं नुकसान करणारा आहे आणि एक तर माणसालाच धोक्याचा आहे. मोजमापाची साधनं सांभाळणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे हे सविस्तर लिहितोय.

‘गादीचा स्पंजही फोमच, मग फरक काय?’

फरक आतल्या छिद्रांचा आहे. गादीचा स्पंज म्हणजे पॉलियुरेथेन. त्याची छिद्रं एकमेकांत उघडणारी असतात, त्यामुळे हवा, पाणी, तेल, कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी) सगळं आत शिरतं आणि तिथेच राहतं. चिपळूण-लोट्याच्या पट्ट्यात किंवा गोव्यात वेर्ण्याला जुलैची हवा कशी असते ते तिथल्या माणसाला सांगायला नको. अशा हवेत स्पंजात व्हर्नियर, म्हणजे सरकत्या जबड्यांचं माप घ्यायचं साधन, ठेवणं म्हणजे तो ओल्या पोतेऱ्यात गुंडाळून ठेवण्यासारखं आहे. ईपीई (फुगवलेलं पॉलिइथिलीन), क्रॉसलिंक म्हणजे एक्सएलपीई (त्याचाच घट्ट प्रकार), आणि ईव्हीए (चपलांच्या तळव्यात असतो तो) या फोमांची छिद्रं बंद असतात. पाणी वर राहतं, फडक्याने पुसता येतं.

दुसरी गोष्ट मेसेजात कुठेच नाही: हा स्पंज कालांतराने मरतो. पॉलियुरेथेनचे दोन मुख्य प्रकार आहेत. एस्टर प्रकाराला दमट हवा सोसत नाही, पाण्याच्या वाफेने त्याची साखळी तुटत जाते आणि तो चिकट होतो. गाद्यांमध्ये बहुतेक ईथर प्रकार असतो. तो पाण्याला जास्त टिकतो, पण हवा आणि उजेडाने पिवळा पडून भुसभुशीत होतो. जुन्या हेडफोनच्या गाद्यांचा काळा चुरा कानाला लागतो किंवा ठेवणीतल्या बुटाचा तळवा अचानक तुकडे होऊन पडतो, त्यामागेही बहुधा हेच असतं.

आता हा चुरा मोजमापाच्या साधनात गेला की काय होतं ते बघा. व्हर्नियरची खोली मोजायची पट्टी ज्या खोबणीत सरकते तिथे तो डिंकासारखा बसतो. स्लायडर अडखळतो. जबड्यांमध्ये एखादा कण राहिला की शून्यावर शून्य येत नाही. पेटीतून व्हर्नियर उचलल्यावर स्पंजावर जबड्याचा हुबेहूब तपकिरी ठसा उमटलेला दिसतो, आणि तेवढ्याच जागी पोलादाला खड्डे पडलेले असतात. तो चुरा काढायला कुणी थिनर लावतं, तर डिजिटल व्हर्नियरचं प्लॅस्टिक आणि त्यावरचे आकडेही जातात.

थर्माकोलबद्दल फार लिहायची गरज नाही. तो एकदा दबला की परत वर येत नाही, त्यामुळे खाच सैल होते. त्याचे मणी सुटून स्थिर विजेने सगळीकडे चिकटतात. आणि पेट्रोल किंवा थिनर लागलेलं हत्यार त्यात ठेवलं तर तो चक्क विरघळतो. नाजूक वस्तूंच्या खोक्यांत कधीकधी थर्माकोलसारखाच पांढरा, पण वाकवला तर न मोडणारा फोम येतो. तो ईपीई. तो जपून ठेवा, तो कामाचा आहे.

‘मऊ तितका चांगला’

हा मुद्दा ऐकायला बरोबर वाटतो, पण गणित करून पाहू. कमरेइतक्या उंचीवरून, समजा ७५ सेंटिमीटरवरून, पेटी हातातून सुटली. आतलं ड्रिल मशीन फोममध्ये अडीच सेंटिमीटर दबत एकसारखं थांबलं तर त्याला बसणारा धक्का सरासरी गुरुत्वाच्या ३० पट असतो. तेच ड्रिल अर्ध्या सेंटिमीटरमध्ये थांबलं तर १५० पट. आता मऊ स्पंज काय करतो? ड्रिलच्या नुसत्या वजनानेच तो निम्मा दबलेला असतो. पडताना उरलेला भागही फारसा विरोध न करता चपटा होतो आणि सगळा धक्का शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये बसतो. म्हणजे स्पंज असून नसल्यासारखाच.

याच्या उलटही खरं आहे. डायल गेजसारखी (काट्याच्या तबकडीवर बारीक माप दाखवणारं साधन) हलकी वस्तू कडक ईव्हीएवर ठेवली तर ती त्याला दाबूच शकत नाही, मग धक्का जसाच्या तसा पोचतो. म्हणून पाने, सॉकेट, ड्रिल बिट यांना ईव्हीए किंवा घट्ट क्रॉसलिंक, आणि हलक्या नाजूक साधनांखाली ईपीईचा थर. पाना पडला तरी त्याला काही होत नाही, तिथे फोमचं काम फक्त जागा धरून ठेवण्याचं असतं. डायल गेजच्या आतल्या दातेरी चाकांचं तसं नाही.

दुकानात डेन्सिटीचा आकडा विचारा. एक घनमीटर फोमचं किलोतलं वजन म्हणजे डेन्सिटी. ईपीई साधारण २० ते ३० असतो, ईव्हीए १०० आणि त्यापुढे. गादीवर लिहिलेली ३२ किंवा ४० डेन्सिटी पाहून ‘हा ईपीईपेक्षा भारी’ असा हिशोब करू नका. पदार्थ वेगळा, छिद्रं वेगळी, त्यामुळे त्या आकड्यांची तुलना होत नाही.

‘सुरी गॅसवर तापवून कापा’

कृपा करून असं करू नका. पॉलियुरेथेन जळताना किंवा करपताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड सुटतात, शिवाय दम्याचा त्रास देणारे आयसोसायनेटही सुटतात. हे स्वयंपाकघरात, गॅसच्या शेगडीशेजारी, बंद खिडकीत करायला सांगणारा मेसेज लोक पुढे पाठवतात याचं मला खरोखर वाईट वाटतं. तापलेल्या तारेने थर्माकोल किंवा ईपीई कापतात, तेही मोकळ्या हवेत. बाकी सगळ्याला १८ मिलिमीटरचं, पात्याचं टोक तोडत वापरायचं कटर पुरतं, फक्त पातं नवीन हवं.

‘फोम बसवला की गंज नाही’

सगळ्यात जास्त फसवणारा दावा हाच. फोम गंज थांबवत नाही, आणि चुकीचा फोम तो वाढवतो.

संग्रहालयांना हा प्रश्न आपल्याआधी पडला होता. कपाटात ठेवलेल्या धातूच्या वस्तू आजूबाजूच्या लाकडाने, कापडाने, फोमने खराब होत होत्या. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये त्यासाठी एक चाचणी सुचवली. चांदी, तांबं आणि शिसं यांचे चकचकीत तुकडे संशयित वस्तूबरोबर दमट हवेत, बंद बरणीत, ६० अंशांवर २८ दिवस ठेवायचे आणि नंतर डाग पडले का ते पाहायचं. या चाचणीत पॉलिइथिलीन, म्हणजे ईपीई आणि एक्सएलपीईचा मूळ पदार्थ, साधारणपणे चांगला ठरतो. ईव्हीएमधून जुनं होताना अॅसेटिक अॅसिडची वाफ सुटू शकते. पीव्हीसी तर धातूजवळ ठेवूच नये, त्यातून हायड्रोक्लोरिक अॅसिड सुटतं.

याचा अर्थ ईव्हीए फेकून द्या असा नाही. रोज उघडणाऱ्या पेटीत पान्यांसाठी तो उत्तम आहे, कारण वाफ साचायला वेळच मिळत नाही. पण महिनोन् महिने बंद राहणाऱ्या मायक्रोमीटरच्या पेटीत पॉलिइथिलीनच घाला.

हीच चाचणी घरीही ढोबळपणे करता येते. दोन सारख्या काचेच्या बरण्या घ्या. दोन्हींत पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला पोलादाचा तुकडा आणि बाटलीच्या झाकणात थोडं पाणी ठेवा. एका बरणीत फोमचा तुकडाही घाला. महिनाभर बंद ठेवून दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघा. फोमच्या बरणीतला जास्त गंजला असेल तर ती शीट घेऊ नका.

गंज खरा थांबतो तो तेलाने. बोटाच्या घामातलं मीठ पुसून, पातळ तेलाचा हात फिरवून मगच साधन पेटीत ठेवायचं. सोबत व्हीसीआय कागद (गंज रोखणारी वाफ सोडणारा) किंवा सिलिका जेलची पुडी. सिलिकाचा रंग बदलला की ती तापवून पुन्हा वापरता येते. व्हीसीआयचा परिणाम मात्र संपतो, तो कागद बदलावाच लागतो.

‘स्वस्तात दुसरं मिळतच नाही’

मिळतं, फक्त नाव सांगून मागावं लागतं. ‘फोम द्या’ म्हटलं की दुकानदार गादीचा स्पंजच दाखवणार. एमआयडीसीच्या आसपास पॅकिंगचं सामान विकणारे असतात, त्यांच्याकडे ईपीई आणि क्रॉसलिंक शीटवर किंवा किलोवर मिळतो. भोसरी-चाकणकडे गाड्यांच्या सुट्या भागांचे फोमचे ट्रे बनवणारी युनिटं आहेत, त्यांच्याकडे कापून उरलेल्या पट्ट्या विचारा. ईव्हीए चपला-बुटांच्या कच्च्या मालाच्या दुकानांत मिळतो, मुंबईत त्यासाठी ठक्कर बाप्पा कॉलनी आहे.

आणि एकट्याने छोटा तुकडा घेऊ नका. समजा शीट दोन मीटर बाय एक मीटर, पेटीचं आतलं माप ४० बाय ३० सेंटिमीटर. एका शीटमधून १५ थर निघतात. २० मिलिमीटरच्या शीटचे तीन थर एका पेटीला पुरतात, म्हणजे एका शीटमध्ये पाच पेट्या. पाच जणांनी मिळून घेतली की तयार फोमच्या किमतीशी तुलनाच राहत नाही.

थर चिकटवताना ईव्हीएला रबरवालं फेविकॉल एसआर छान धरतं. ईपीईला आणि क्रॉसलिंकला ते नीट धरत नाही. तिथे हॉट ग्लू वापरा किंवा दोन्ही पृष्ठभाग हॉट एअर गनने हलके तापवून एकमेकांवर दाबा. रबरी डिंक वापरला असेल तर वास पूर्ण जाईपर्यंत पेटी उघडी ठेवा.

खालचा थर वेगळ्या रंगाचा घेतला, म्हणजे वर काळा आणि खाली पिवळा, तर कुठलं हत्यार जागेवर नाही ते लांबूनही दिसतं. विमानांच्या देखभालीत हत्यार आत राहू नये म्हणून हीच पद्धत वापरतात. बोट घालायची अर्धगोल खाच कापायला कटरशी झटापट नको. लोखंडी पाइपचा तुकडा घ्या, त्याच्या तोंडाला ग्राइंडरवर बाहेरून धार लावा आणि फोमवर दाबून फिरवा, गोल स्वच्छ निघतो. हत्याराचा आकार पेनने आखून रेषेच्या किंचित आतून कापा, फोम स्वतः पकड घेतो. मायक्रोमीटरची खाच मात्र त्याची दोन तोंडं किंचित उघडी ठेवून आखा, कारण तो आवळून बंद करून ठेवायचा नसतो.