न्युरेंबर्गची मोहीम फितुरीने बुडाली नाही

३० मार्च १९४४ च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर कमांडने न्युरेंबर्गवर धाडलेल्या ७९५ विमानांपैकी ९५ विमाने गमावली. संपूर्ण युद्धात एका रात्रीत कमांडची एवढी हानी दुसऱ्यांदा झाली नाही. जर्मनांना बेत आधीच कळला होता, किंबहुना एखाद्या हेरावर त्यांचा विश्वास बसावा म्हणून तो मुद्दाम फोडून विमानांतल्या या पोरांचा बळी दिला गेला, असे आजही ठामपणे सांगितले जाते.

जर्मन लढाऊ विमाने ‘इडा’ आणि ‘ओटो’ या रेडिओ-संकेतकांभोवती (विमानांना जागा दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांभोवती), बॉम्बर विमानांच्या वाटेवरच, जमली होती, हा या दाव्याचा मुख्य आधार आहे. मात्र जर्मन विमाने एरवीही अशाच संकेतकांपाशी जमत असत, त्यामुळे तेवढ्यावरून फितुरी सिद्ध होत नाही. हेराच्या गोष्टीला तर आजवर कोणीही पुरावा दिलेला नाही.

‘फितुरीशिवाय इतकी विमाने पडणेच शक्य नाही’ हा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण त्या रात्रीची परिस्थिती पाहिली की तो ढासळतो. बेल्जियममधल्या शार्लरुआपासून जर्मनीतल्या फुल्डापर्यंत सुमारे २६५ मैलांचा मार्ग जवळजवळ सरळ रेषेत आखलेला होता. आकाशात अर्धा चंद्र होता, आडोसा देतील असे वाटलेले ढग नव्हते, आणि विमानांमागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा शत्रूला वाट दाखवत होत्या. काही जर्मन विमानांवरच्या तोफा तर वर रोखलेल्या असल्यामुळे ती बॉम्बर विमानाच्या पोटाखालून मारा करू शकत.

२२ वर्षांचा वैमानिक सिरिल बार्टन याच्या हॅलिफॅक्स बॉम्बर विमानावर लक्ष्य ७० मैलांवर असताना हल्ला झाला. आपसांत बोलण्याची यंत्रणा बंद पडली, संकेताचा चुकीचा अर्थ घेऊन तीन सहकाऱ्यांनी पॅराशूटने उड्या घेतल्या, तरी बार्टनने मार्ग सांगणाऱ्या सहकाऱ्याविना पुढे जाऊन बॉम्ब टाकले आणि विमान इंग्लंडपर्यंत आणले. इंधन संपल्यावर रायहोपजवळ घरे टाळण्याच्या प्रयत्नात ते कोसळले. उरलेले तिघे वाचले, बार्टन गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा माणसाला नुसता पटावरचा मोहरा ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

शिवाय फितुरीच्या कथेमुळे खरा प्रश्न मागे पडतो. हवामान पाहून आलेल्या मॉस्किटो विमानाने, आडोशाचे ढग बहुधा नसतील आणि लक्ष्यावर मात्र ढग असू शकतील, असे निघण्याआधीच कळवले होते. तरीही मोहीम रद्द झाली नाही, आणि त्या निर्णयाचा जाब कुठल्याही हेराला विचारता येत नाही.