पाडव्याला स्कूटर घेणाऱ्यांस आगाऊ सल्ला

मुहूर्तावर स्कूटर घेताय ना? उत्तम. आम्ही नुकतीच घेतली, म्हणून चार युक्तीच्या गोष्टी सांगतो.

एक्स-शोरूम किंमत, म्हणजे नोंदणी-विमा वगैरे धरण्याआधीची, पाठ करून जाऊ नका. ती होर्डिंगवर छापण्यापुरती असते.

विमा शोरूममधूनच घ्या. नव्या दुचाकीला ५ वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) विमा सक्तीचा आहे, एवढं ते आवर्जून सांगतात. तो कुठल्या कंपनीकडून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं असतं, हे सांगायला बिचाऱ्यांना सवड होत नाही. बाहेरून आणतो म्हणालात की गाडी लगेच 'स्टॉकमध्ये नाही, सर'.

हेल्मेट मागून लाजवू नका. विकताना ते द्यायचं, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांत कधीचंच लिहिलेलं आहे. इतक्या जुन्या गोष्टी कोण लक्षात ठेवतं?

हँडलिंग चार्जेस मात्र हसतमुखाने भरा. गोदामातून शोरूमपर्यंत गाडी आणायची म्हणजे खायचं काम आहे का? मग कंपनी कमिशन देते ते कशाचं? गाडी पुसून, तपासून देणं हा धंद्याचाच भाग ना? आकडा कोटेशनवर नाही. सेल्समनच्या व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर पेन्सिलीने. पावती मागितली तर म्हणे, "सर, सिस्टिमला तसा ऑप्शनच नाही." पैसे घ्यायला आहे, पावतीला नाही! वर साइड गार्ड, मॅट, कोटिंगचं 'कम्पल्सरी किट'. कोणी केलं कम्पल्सरी? विधानसभेने?

आरटीओत तक्रार अवश्य करा. "पुरावा जोडा," म्हणतील. पुरावा म्हणजे पावती.

अहो साहेब, डीलरचं ट्रेड सर्टिफिकेट, म्हणजे नोंदणी न झालेल्या गाड्या बाळगायचा परवाना, तुमच्याच कार्यालयातून निघतं. ते निलंबित करायचा, रद्द करायचा अधिकारही नियमाने तुम्हालाच दिलाय. तो कधी वापरायचा? बिनहेल्मेटचं पोरगं चौकातल्या कॅमेऱ्याला बरोबर दिसतं, आणि बिनहेल्मेटची गाडी विकणारं झगमगीत दुकान तुम्हाला दिसत नाही? आमच्याकडे कसला पुरावा मागता! तुमचा एक निरीक्षक साध्या कपड्यांत, गिऱ्हाईक म्हणून पाठवा. पेन्सिलीचा आकडा अर्ध्या तासात त्याच्या हातात पडेल. मग एक तरी सर्टिफिकेट निलंबित करून दाखवा, आणि तेही ऐन पाडव्याच्या तोंडावर.