‘असेल ते कव्हर घाला’ हा सल्ला बोटीच्या मुळावर येतो

ट्रेलरवरून बोट नेणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो : कव्हर घातल्याशिवाय बोट रस्त्यावर आणू नका, खास कव्हर नसेल तर असेल ते घाला, कारण उघड्या बोटीपेक्षा ते केव्हाही बरे. त्यासाठी दिली जाणारी कारणे अशी, की धूळ आणि खडे लागत नाहीत, पाऊस आत शिरत नाही, सामान उडत नाही, इंधन वाचते आणि जे कव्हर धक्क्यावर वादळाला पुरून उरते त्याला रस्त्यावरचा वारा काय करणार. बोटीच्या मापाचे, रस्त्यावरच्या प्रवासासाठी शिवलेले आणि पट्ट्यांनी आवळलेले कव्हर असेल तर ते जरूर घालावे, याबद्दल माझा वाद नाही. ‘असेल ते घाला’ हे मात्र साफ चुकीचे आहे. योग्य कव्हर नसेल तेव्हा बोट उघडी नेलेलीच बरी.

वादळाचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधाराने उभे आहेत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. ताशी ९० किलोमीटर वेगाने जाताना वाऱ्याला सरळ सामोऱ्या येणाऱ्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळपास ४० किलो वजनाइतका जोर पडतो, आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर तोच जोर ७० किलोच्या घरात जातो. वादळातले असे झोत येतात आणि ओसरतात. महामार्गावर मात्र हा मारा तासन्‌तास चालतो, त्यात ट्रेलरचे हादरे मिसळतात आणि समोरून मोठा ट्रक गेला की दाब क्षणात बदलून कापड एकदा आत दबते, एकदा बाहेर फुगते. धक्क्यावरचे कव्हर बहुधा टिचबटणांवर किंवा काठाच्या इलॅस्टिकवर बसवलेले असते. ऊन आणि पाऊस अडवणे हे त्याचे काम असते. पुढचे एक बटण सुटले की वारा आत घुसतो, मग बटणांची अख्खी रांग उसवत जाते आणि पुष्कळदा कापड फाटून बटण बोटीवरच राहते.

समजा, कव्हर फाटले नाही; तरी ते सैल असेल तर नुकसान टळत नाही, आणि हे नुकसान लगेच दिसत नसल्यामुळे त्याची चर्चाही होत नाही. फायबरग्लासच्या बोटीवरचा चकचकीत थर, म्हणजे जेलकोट, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असतो. सैल कापडाखाली धूळ शिरते आणि कापड फडफडू लागले की त्या धुळीसकट ते पॉलिश पेपरासारखे घासत राहते. लांबच्या प्रवासानंतर असे कव्हर काढून समोरच्या काचेची चौकट, काठाचे कोपरे आणि हँडरेलची टोके तिरप्या उजेडात पाहावीत. जिथे कापड टेकत होते तिथे पृष्ठभागाची चमक गेलेली असते आणि मोकळा पट्टा आपटत होता तिथे हाताला खरखरीत लागणारा एक मंद पट्टा उमटलेला असतो. समोरची काच बहुतेक छोट्या बोटींवर अॅक्रिलिकची असते आणि अॅक्रिलिकवर चरे फार सहज उठतात. उघड्या बोटीवर बसलेली धूळ पाण्याने धुऊन जाते. घासून गेलेला जेलकोट मात्र धुण्याने परत येत नाही.

खड्यांचा मुद्दा तर जागाच चुकवतो. ओढणाऱ्या गाडीच्या चाकांनी उडवलेले खडे बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खालच्या बाजूने बसतात आणि कव्हर तिथवर पोहोचतच नाही. त्यावर उपाय म्हणजे गाडीला रुंद मडफ्लॅप आणि ट्रेलरच्या पुढच्या भागाला संरक्षक पडदा.

पावसाची भीती समजण्यासारखी आहे. पण तळाचे बूच काढून ठेवले आणि नाळ किंचित वर राहील असा ट्रेलर जोडला, तर आत पडलेले पाणी मागून वाहून जाते. बूच काढण्याची सवय एरवीही लावून घ्यावी, कारण एका जलाशयातले पाणी आणि त्यातले जीव दुसऱ्या जलाशयात नेणे घातक असते. उलट, सैल कव्हरच्या खोलगट भागात पाणी साचले की त्याचे वजन शिवणी ताणते. गादी, जीवरक्षक जॅकेट, दोर या वस्तू उडू नयेत म्हणून कव्हरवर भरवसा ठेवणे सर्वांत धोक्याचे आहे, कारण कव्हर सुटले तर ते आणि त्याच्यामागून या वस्तू मागच्या वाहनाच्या काचेवर जाऊ शकतात. सामान बोटीच्या बंद कप्प्यात किंवा गाडीत ठेवावे. कापडी छतही खाली घेऊन, गुंडाळून घट्ट बांधावे.

इंधनाबद्दल एवढेच, की ताणून बसवलेल्या कव्हरने थोडा फायदा होऊ शकतो, पण फुगलेले कव्हर वारा अडवते आणि तो फायदा तिथेच संपतो.

आता योग्य कव्हर ओळखायचे कसे? त्याचे कापड घर्षण सोसणारे, साधारणपणे जाड पॉलिएस्टरचे असते. काच आणि कोपऱ्यांवर दुहेरी थर असतो. आतली हवा बाहेर पडायला झडपा असतात आणि काठावर थोड्या थोड्या अंतराने पट्ट्यांसाठी कड्या असतात. पट्टे ट्रेलरच्या चौकटीला बांधावेत, अॅक्सलला किंवा ब्रेकच्या नळीला कधीही नाही. पट्ट्यांची मोकळी टोके गुंडाळून बांधावीत आणि पट्टा बोटीला टेकतो तिथे खाली मऊ कापड घालावे. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबून सगळे पट्टे पुन्हा आवळावेत, कारण कापड सुरुवातीला ताणले जातेच. आवळूनही ते फडफडत असेल, तर तिथल्या तिथे काढून, घडी करून गाडीत ठेवावे आणि पुढचा प्रवास उघड्या बोटीनिशी करावा.