टाळी दोनवर

लोकलमधल्या आमच्या भजनी मंडळात गेली बावीस वर्षं टाळ माझ्याकडे आहेत. डोंबिवली ते सीएसएमटी, उभ्यानं, पाठीत कुणाचं तरी कोपर आणि पायांत कुणाचा तरी डबा अशा अवस्थेतही माझी लय कधी हललेली नाही. रूळ बदलताना डबा हलतो, बुवा हलतात. ठेक्याची पहिली मात्रा, म्हणजे सम, हलत नाही. त्यामुळे भाची जेव्हा म्हणाली, "मामा, शनिवारी जॅझ ऐकायला चल, पण तुला झेपेल ना?" तेव्हा मला हसूच आलं. ताल म्हटलं की आपला प्रांत.

शिवाय जॅझ मला अगदीच परका नव्हता. लिऑन ॲबी हा अमेरिकन वादक १९३५ सालीच आपला बँड घेऊन ताजमध्ये वाजवून गेला. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त (१९५१) ज्याचा ट्रम्पेट ऐकून वडील मान डोलवायचे, तो चिक चॉकलेट म्हणजे गोव्याचा आंतोनियो झेवियर वाझ. आणि १९७८ला सुरू झालेली जॅझ यात्रा, म्हणजे जॅझचा महोत्सव, तर मी तरुणपणी धोबीतलावला रंगभवनच्या कुंपणाबाहेर, बसची वाट बघत, फुकट ऐकलेली. नावात यात्रा असल्यामुळे चपला काढाव्यात की काय असंही क्षणभर वाटलं होतं.

जागा काळा घोड्याजवळ, गल्लीत. बसायला उंच स्टूल, पाय अधांतरी. मेन्यूकार्ड अंधारात वाचता येईना; मोबाइलचा टॉर्च लावून वाचलं आणि आकडे दिसल्यावर टॉर्च बंद केला. लिंबू सरबत मागवलं. त्यात पुदिन्याचं अख्खं झुडूप होतं.

वादन सुरू झालं. भाची कानात म्हणाली, "आधी मूळ धून वाजते, मग तेवढ्याच बत्तीस बारमध्ये, बार म्हणजे चार मात्रांचा खण, एकेक जण आपलं काहीतरी वाजवतो, शेवटी परत धून." म्हणजे मुखडा, आलापी, मुखडा. चार चोक सोळा नव्हे, बत्तीस चोक एकशे अठ्ठावीस मात्रा! एवढं मोठं आवर्तन विलंबितातल्या खयालालाही लागत नाही. मी बोटांच्या पेरांवर मोजायला बसलो. सत्तराव्या मात्रेला वेटरनं "सर, एनीथिंग एल्स?" विचारलं आणि माझी सम गेली ती गेलीच.

सॅक्सोफोनवाल्यानं काहीतरी अफाट वाजवलं, तो थांबला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. गाणं मात्र चालूच! मला वाटलं संपलं, म्हणून मी उभा राहून वाजवल्या. मागच्या बाईंना काही दिसेना. मग सगळी वाद्यं मंदावली आणि एकटा बासवाला, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारा पोरगा, उरला. त्या पोरानं खर्जात अशी एक जागा घेतली की माझ्या तोंडून बैठकीतल्या सवयीनं "क्या बात है!" निघून गेलं. नेमकं तेव्हाच सगळं सभागृह श्वास रोखून बसलं होतं. पियानोवाला हसला. भाचीनं कपाळाला हात लावला.

पण खरी फजिती पुढे होती. शेवटच्या तुकड्याला सगळे ठेक्यावर टाळ्या देऊ लागले. म्हटलं, आता दाखवतो. एकवर सणसणीत टाळी हाणली. एकट्याची! सगळ्या खोलीची टाळी दोनवर आणि चारवर पडत होती, मी रिकाम्या एक आणि तीनवर. ज्या समेसाठी आपण आयुष्य वेचतो, ती ही माणसं चक्क मोकळी सोडतात. ड्रमवाल्याचा पायाखालचा हायहॅट, म्हणजे पायानं वाजणारी झांज, तीसुद्धा त्यांच्याच बाजूनं. मी अर्धा तास स्वतःचे हात धरून बसलो, मग हळूच एक गिळून दोनवर वाजवायला शिकलो. शेवटची लोकल पकडून कल्याणपर्यंत झोप काढली तेव्हाही बोटं सीटवर दोन-चार, दोन-चार करत होती. हो, कल्याणपर्यंत. डोंबिवली आलेली कळलीच नाही.

सोमवारी सकाळची गाडी. 'जय जय राम कृष्ण हरी' सुरू झालं. मी टाळ उचलले आणि दुसऱ्याच ओळीला ढोलकीवाला अडखळला. बुवांनी डोळे उघडले.

"देवा, टाळ कुठं पडतोय तुमचा?"

"दोनवर," मी म्हणालो.

बुवांनी काही न बोलता माझ्या हातातले टाळ काढून घेतले, स्वतःच्या जागेवरून उठले आणि मला तिथं बसवलं. खिडकीची सीट. बावीस वर्षांत पहिल्यांदा.