टायर बसतो हो, पण गाडी वळवायची पण असते!

पिकअपला एक साइज मोठे टायर टाकायचे म्हटलं की जो तो एकच वाक्य ऐकवतो : "आरामात बसतात, काही करावं लागत नाही." विकणारा ऐकवतो, बसवणारा ऐकवतो, आणि ज्याने स्वतःच्या गाडीचा एक नट कधी सैल केला नाही तो तर छातीठोकपणे ऐकवतो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्याचं काय जातंय? सुट्टीचे दिवस माझे गेले. गाडीखाली उताणं पडून, कानात प्लास्टिकचा भुसा आणि डोळ्यांत माती घेऊन.

अरे, बसतात म्हणजे नेमकं काय? गाडी जॅकवरून उतरवली, चाकं सरळ, खाली सपाट फरशी, टायर आणि फेंडरच्या मधे पंजा जातोय, झालं? सुताराने दार लावावं, बंद असताना चौकटीत झकास दिसतंय एवढं बघून पैसे खिशात घालावेत आणि ते उघडतंय का हे बघायच्या आत निघून जावं, त्यातली ही गत. पुढचं चाक शोभेला नसतं. ते वळतं. खड्ड्यात गेलं की वर उचललं जातं. आणि खरी मारामारी तेव्हा होते जेव्हा ते पूर्ण वळलेलं असतं आणि त्याच वेळी पूर्ण वर दाबलं गेलेलं असतं. वळणावरच्या खड्ड्यात, ब्रेकवर पाय असताना. तेवढा एक क्षण सोडून बाकी सगळ्या वेळी टायर "आरामात" बसलेला असतो, हे मान्य.

बरं, हिशोब काही अवघड नाही. कंपनीचा टायर २६५/७० आर १७, म्हणजे रुंदी २६५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के आणि रिम १७ इंची. त्याचा व्यास येतो साधारण ८०३ मिलिमीटर. २८५/७० आर १७ चा येतो ८३१. म्हणजे व्यासात २८चा फरक, पण चाक मधोमध धरलेलं असल्यामुळे समोर, मागे आणि वर प्रत्येकी १४च. रुंदी २० मिलिमीटर जास्त, त्यातले १० आत आणि १० बाहेर. हे आकडे ऐकले की सगळे हसतात. चौदा मिलिमीटर! बोटाएवढं पण नाही! हसा. कंपनीने तिथे मुळात किती जागा सोडली आहे ते कुणी टेप लावून बघितलंय का? स्टिअरिंग पूर्ण कापलं, म्हणजे टोकापर्यंत फिरवलं, की बऱ्याच पिकअपमध्ये कंपनीचाच टायर मागच्या बाजूला जेमतेम सुटतो. तिथे चौदा मिलिमीटर म्हणजे सगळं संपलं.

आणि हे झालं नुसत्या टायरचं. पण नुसता टायर कुणाला हवा असतो? सोबत रिम पण हवी. बाहेर काढलेली, ऐटबाज, फेंडरला भिडणारी. ऑफसेट म्हणजे रिम जिथे हबला टेकते ती जागा रिमच्या मध्यापासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते माप. ३०चा ऑफसेट काढून शून्य ऑफसेटची रिम लावली की चाक सरळ ३० मिलिमीटर बाहेर आलं. विकणारा सांगतो, "आता आत वरच्या कंट्रोल आर्मला लागणार नाही." कंट्रोल आर्म म्हणजे चाकाला चेसिसशी जोडणारा सस्पेन्शनचा दांडा. बरोबर आहे, नाही लागणार. पण चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जागच्या जागीच आहे ना राजा? चाक त्याच्यापासून जेवढं लांब, तेवढा वळताना त्याचा घेर मोठा. एकीकडे वळवलं की ते बंपरच्या कोपऱ्याकडे पुढे येतं, दुसरीकडे वळवलं की मागे केबिनकडे घुसतं. आतलं घासणं थांबवण्यासाठी पुढचं आणि मागचं घासणं विकत घेतलं. आगीतून फुफाट्यात, आणि वर त्याला नाव काय, तर अपग्रेड!

आता घासतंय कुठे हे शोधणं हाच एक वेगळा छळ. आवाज येतो, पण आवाजावरून काहीही कळत नाही. मग टायरच्या खांद्याला, म्हणजे नक्षी आणि बाजू मिळतात त्या कडेला, खडू फासायचा, स्टिअरिंग इकडून तिकडे पूर्ण फिरवत गाडी पुढे-मागे घ्यायची, उतरायचं, बॅटरी घेऊन आत डोकं घालायचं. खडू कुठे उमटलाय बघायचं. पुढे जाताना ब्रेक दाबला की नाक खाली जातं, आर्मचे रबरी बुश दबतात आणि चाक किंचित मागे सरकतं. रिव्हर्समध्ये ब्रेक दाबला की तेच चाक पुढे सरकतं. त्यामुळे पुढे जाताना न लागणारी जागा मागे येताना लागते. हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. बसवणाऱ्याने गाडी फक्त दुकानाच्या दारातून बाहेर काढून दिली होती. सरळ.

पहिला बळी नेहमी लायनरचा जातो. फेंडरच्या आतलं ते काळं प्लास्टिक. एक तर ते ज्या प्लास्टिकच्या क्लिपांवर टांगलेलं असतं त्या क्लिपा बनवणाऱ्याला माझ्यासमोर आणा. मधली पिन उचकटायला जावं तर पिन जागेवर फिरते, क्लिप आतच तुटते, आणि अर्धी क्लिप अशा पोकळीत पडते की पुढे जन्मभर गाडी चालवताना खुळखुळत राहावी. लायनर सुटला की हीट गनने तापवायचा, मऊ पडला की दाबून आतल्या पत्र्याला चिकटवल्यासारखा करायचा आणि थंड होईपर्यंत तसाच धरून ठेवायचा. सांगायला सोपं. जास्त तापला की भोक पडतं, कमी तापला की सोडल्याबरोबर पूर्वपदावर. आणि मागे काय आहे ते बघितल्याशिवाय दाबायचा नाही, कारण अनेक गाड्यांत त्याच्या पलीकडेच काच धुवायच्या पाण्याची टाकी आणि वायरिंगची जुडी बसवलेली असते. एबीएसच्या सेन्सरची वायर आणि ब्रेकचा होज तर चाकाच्या पोकळीतूनच फिरलेले. प्लास्टिक कापून त्याची धारदार कड बरोबर वायरीवर टेकवून ठेवणारे कलाकार मी बघितले आहेत. "आता घासत नाही ना?" नाही, टायर घासत नाही. वायर घासते.

आणि मुळात लायनर हा गुन्हेगार नसतोच! चोर सोडून संन्याशाला फाशी. खरा चोर मागे लपलेला असतो. केबिन चेसिसवर ज्या ब्रॅकेटवर टेकते ना, तो बॉडी माउंट, पुढच्या चाकाच्या बरोब्बर मागे असतो. अनेक पिकअपमध्ये मोठा टायर त्याच्याच कोपऱ्यावर आपटतो. हे ब्रॅकेट जाड लोखंडाचं, ते हीट गनने वाकत नाही. त्याचा कोपरा ग्राइंडरने कापायचा, उघड्या पडलेल्या बाजूला पट्टी वेल्ड करायची, प्रायमर, रंग. बुशला धक्का लागू द्यायचा नाही. हे काम नीट केलं तर टिकतं, पण गाडीच्या चेसिसवर ग्राइंडर चालवायला "काही करावं लागत नाही" या सदरात टाकणाऱ्या माणसाला मी काय म्हणू? ते म्हणायचे शब्द इथे लिहिता येणार नाहीत.

त्याच्या शेजारी पिंच वेल्ड. दोन पत्रे दाबून स्पॉट वेल्डने जोडलेली ती उभी कड, फायरवॉल (इंजिन आणि केबिनच्या मधला पत्रा) आणि फ्लोअर जिथे मिळतात तिथली. टायर थेट तिच्यावर गेला तर सुरीसारखी धार खांद्यात घुसते. ती हातोड्याने ठोकून आडवी करायची असते. पुस्तकात एका वाक्यात आटोपतं. प्रत्यक्षात वर हातोडा फिरवायला वीतभर जागा, खालून झोपून मारायचं, प्रत्येक घावाला मातीचा ढेकूळ तोंडावर. कड आडवी झाली की तिथला रंग आणि सीलंट फुटलेलं असतं, म्हणजे घासून, प्रायमर मारून, सीलंट भरून, पुन्हा रंग. हे न करता "दिसत नाही ना तिथे" म्हणून सोडून दिलं की गंज तिथूनच केबिनच्या फ्लोअरमध्ये शिरतो. आणि किती गॅरेजवाले ते करतात? हातोडा मारतात, लायनर ओढून घेतात, बिल देतात.

आता येतो सगळ्यात मोठा डोकेदुखीचा विषय. लिफ्ट किट, म्हणजे सस्पेन्शन उंच करून गाडी वर उचलायचे सुटे भाग. काहीही विचारा, उत्तर लिफ्ट किट. "घासतंय? दोन इंच लिफ्ट कर की!" अरे शहाण्या, गाडी उचलली म्हणजे उभी असताना चाक खाली आलं. चाक वर कुठपर्यंत जाईल हे बंप स्टॉप, म्हणजे सस्पेन्शन शेवटी ज्याला टेकतं तो ठोकळा, ठरवतो. तो चेसिसवर होता तिथेच असेल तर मोठ्या खड्ड्यात चाक पूर्वीइतकंच वर जाणार आणि मोठा टायर फेंडरला भिडणारच. फक्त आता थोडा उशिरा भिडेल आणि जोरात भिडेल. हे थांबवायचं तर बंप स्टॉप लांब करा, म्हणजे सस्पेन्शनचा प्रवास कमी करा, म्हणजे ज्या खडबडीत रस्त्यासाठी मोठे टायर घेतले त्याच रस्त्यावर गाडी आपटत न्या. वा!

बॉडी लिफ्ट त्या मानाने प्रामाणिक. चेसिस आणि केबिनच्या मधे ठोकळे घालायचे, पत्रा चाकापासून खरोखर लांब जातो. पण मग स्टिअरिंगचा शाफ्ट, डिझेल भरायचा पाइप, वायरिंग, बंपर आणि बॉडीतली फट, सगळं पुन्हा जुळवा. आणि बॉडी माउंटचं ब्रॅकेट? ते चेसिसवर आहे, ते तसूभरही हललं नाही. तो चोर तिथेच बसून हसतोय.

जागा खरंच किती आहे हे तपासायची पद्धत सोपी आहे आणि म्हणूनच कुणी वापरत नाही. स्प्रिंग काढून ठेवायची, चाक लावायचं, खालून जॅकने बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर उचलायचं आणि त्या अवस्थेत स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापायचं. जिथे लागायचं तिथे लागतं, तुमच्या डोळ्यांदेखत, रस्त्यावर निघायच्या आधी. फार त्रास नको असेल तर एक चाक रॅम्पवर चढवून निदान एका बाजूचं तरी बघा. पण बसवणारे हे करणार नाहीत, कारण हे केलं तर टायर विकले जाणार नाहीत. सरळ हिशोब आहे.

अलाइनमेंटवाल्यालाही सोडणार नाही मी. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा पुढे-मागे कल, सेट करताना खालचा आर्म पुढे ढकलून चाक काही मिलिमीटर पुढे घेता येतं. बॉडी माउंटसाठी ते काही मिलिमीटर सोन्याचे. पण यंत्राच्या स्क्रीनवर हिरवं दिसलं की त्याचं काम संपलं. "पुढे घ्या" म्हटलं की चेहरा असा करतो की मी त्याच्याकडे किडनी मागितली. आणि जो घ्यायला तयार होतो त्याला आर्म पुढे-मागे सरकवायचे कॅम बोल्ट बुशमध्ये गंजून धरलेले सापडतात. कापल्याशिवाय निघत नाहीत. पुन्हा ग्राइंडर. काही जण तर स्टिअरिंगचा स्टॉप वाढवून देतात. चाक पूर्ण वळूच द्यायचं नाही, म्हणजे घासणार नाही! मग गल्लीत गाडी वळवताना पुढे-मागे, पुढे-मागे करत बसा. उपाय नाही, ही थट्टा आहे.

सगळ्यात जास्त राग कशाचा येतो सांगू? उंचीच हवी होती तर २५५/८० आर १७ नावाची साइज जगात आहे. व्यास ८४०च्या आसपास, म्हणजे २८५/७० पेक्षाही उंच, आणि रुंदीला मात्र कंपनीच्या २६५ पेक्षाही कमी. पुढे-मागे थोडी जागा करावी लागेलच, पण आत-बाहेरची भांडणं बरीच मिटतात. कोणत्या विकणाऱ्याने हे सुचवलं? एकानेही नाही. कारण अरुंद टायर "भारदस्त" दिसत नाही. आणि ज्यांना मड-टेरेनच, म्हणजे चिखलातले मोठ्या ठोकळ्यांचे टायरच, हवे त्यांना हेही कुणी सांगत नाही की खांद्यावरचे ते ठळक ठोकळे बाहेर आलेले असतात, त्यामुळे बाजूवर तोच आकडा छापलेला गुळगुळीत टायर जिथून सुटतो तिथे हे लागतात.

स्पीडोमीटर तर आता नुसता गप्पा मारतो. काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी साडेतीन टक्के पुढे, १०३च्या वर. गिअरिंग तेवढंच लांबलं, चढावर एक गिअर खाली. टायर जड, म्हणून ब्रेकवरही भार. हे सगळं मी गिळायला तयार होतो, कारण हे निदान माहीत असतं.

पण स्टेपनी! पाचवा टायर! हौद्याखाली साखळीने टांगायची जागा कंपनीच्या टायरच्या मापाची. मोठा टायर तिथे वर जातच नाही, नाहीतर बंपरला किंवा चेसिसला टेकून वाकडा लोंबकळतो. जुनी छोटी स्टेपनी ठेवावी तर फोर-व्हीलमध्ये एका एक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाकं, म्हणजे त्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलची वाट. म्हणजे स्टेपनी हौद्यात. अर्धा हौदा टायरने खाल्ला. ज्या हौद्यासाठी पिकअप घेतली तो हौदा! हे विचारायला त्याच दुकानात गेलो तर तो म्हणतो काय, "हौद्यात स्टँड लावून घ्या ना साहेब, आरामात बसतो."