जुन्या खुनाचा खटला उभा राहतो

खून होऊन वीस-तीस वर्षे उलटली की खटल्याची मुदत संपते, पुरावा उरत नाही, एकदा सुटलेल्याला पुन्हा कोर्टात उभे करता येत नाही आणि म्हाताऱ्या आरोपीच्या मागे लागणे हा निव्वळ सूड असतो, तेव्हा नातेवाइकांनी आता विसरून जावे, असा एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. जिच्या भावाच्या खुनाचा अजून छडा लागलेला नाही अशा माझ्या मैत्रिणीला तो कोणीतरी समजूत घालण्यासाठी पाठवला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मुदतीचा मुद्दा धादांत खोटा आहे. भारताच्या जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मधील मुदत तीन वर्षांपर्यंत कैदेच्या गुन्ह्यांनाच होती, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही खुनाला मुदत नाही. जपानमध्ये ती होती. 2010 मध्ये रद्द झाली.

पुरावा उरत नाही, हे विधान सर्वांत घातक, कारण त्यावर विश्वास ठेवून माणसे जपलेले कागद टाकून देतात. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात नागरी हक्कांचे कार्यकर्ते मेडगर एव्हर्स यांना 12 जून 1963 रोजी मध्यरात्रीनंतर घरासमोरच गोळी घालण्यात आली. जवळच्या झुडपात रायफल सापडली, तिच्या दुर्बिणीवर आरोपी बायरन डी ला बेकविथच्या बोटाचा ठसा होता, तरीही 1964 मध्ये केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्युरीचे, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचे, दोन्ही खटल्यांत एकमत झाले नाही आणि निकाल लागलाच नाही. पुढे खटल्याचे कागदही सरकारी दप्तरातून गहाळ झाले. मात्र एव्हर्स यांच्या पत्नी मर्ली यांनी साक्षींची प्रत सांभाळून ठेवली होती. रायफल एका दिवंगत न्यायाधीशांच्या घरी मिळाली. 1991 मध्ये एव्हर्स यांचा मृतदेह उकरून पुन्हा शवविच्छेदन झाले. आणि बेकविथने खुनाची फुशारकी मारलेली ज्यांनी ऐकली होती ते साक्षीला उभे राहिले. 5 फेब्रुवारी 1994 रोजी तो दोषी ठरला. साक्षीदारांची आठवण काळाने पुसट होते, एवढे मान्य करावे लागते. पण म्हणूनच वस्तू आणि कागद जपायचे असतात.

पुन्हा खटला होत नाही, हे अर्धसत्य आहे. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी सहसा खटला चालत नाही, परंतु ज्युरीचे एकमत न होणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे. इंग्लंडने तर 2003 च्या कायद्याने, नवा सबळ पुरावा मिळाल्यास, गंभीर गुन्ह्यांत त्या नियमालाही अपवाद केला. तिथल्या स्टीफन लॉरेन्स या तरुणाच्या 1993 मधील खुनातून 1996 मध्ये सुटलेला गॅरी डॉबसन, स्वतःच्या जाकिटावरील लॉरेन्सच्या रक्ताच्या सूक्ष्म डागामुळे, 2012 मध्ये दोषी ठरला.

राहिला सूडाचा आरोप. एव्हर्स 37 व्या वर्षी मारले गेले, बेकविथ 80 वर्षे जगला. आरोपीचे वय शिक्षा ठरवताना जरूर पाहावे, पण खून कोणी केला हे ठरवायचे काम त्या वयामुळे न्यायालयाला टाळता येत नाही.